चॅनल मोकळा ठेवा

सकाळी साडेसात. वायरलेसवाला खोलीत आला की आधी माईक उचलतो, असं बाहेरच्यांना वाटतं. मी आधी बॅटरीकडे जातो. टेबलाखाली लाकडी पाटावर बारा व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी ठेवलेली असते. बूच काढायचं, हायड्रोमीटरची नळी आत सोडायची, रबरी फुगा दाबून सोडायचा आणि आतला तरंगता काटा कुठे थांबतो ते वाकून पाहायचं. १२५०च्या आसपास थांबला तर दिवसाची काळजी नाही. १२००च्या खाली गेला तर चार्जर, डिस्टिल्ड वॉटर आणि थोडी शिवीगाळ, या क्रमाने. टर्मिनलवर पांढरी बुरशी धरली असेल तर गरम पाण्यात सोडा घालून ती धुवायची आणि वरून व्हॅसलिनचं बोट फिरवायचं. ऑगस्ट आहे, रात्रभर कोसळून राहिलाय. चामोर्शीची लाइन कधी जाईल याचा काही नेम नाही.

सेटचा हिशेब सोपा आहे. नुसता ऐकत बसला तर एक अँपिअरसुद्धा खात नाही. बोलायला लागला की हाच २५ वॅटचा सेट पाच-सहा अँपिअर ओढतो. म्हणून लाइन गेल्यावर शहाणा ऑपरेटर तोंड आवरतो. खरं तर लाइन असतानाही आवरावं. पण हे सांगायला गेलं की नवीन पोरं हसतात.

मग बाहेर येऊन मास्टकडे मान वर करायची. अँटेना सरळ आहे का, ताणाच्या तारा सैल पडल्या नाहीत ना, कावळ्याने काही उचकटलं नाही ना. केबल जिथे अँटेनाला जोडली आहे त्या कनेक्टरवरची टेप एका बाजूने सुटलेली दिसते. तिथून पाणी केबलमध्ये उतरतं आणि मग खालचा सेट कितीही चांगला असो, त्याची ताकद वाटेतच मुरते. पावसात वर चढायचं नाही, असा नियम आहे, आणि तो कोणाचा तरी जीव गेल्यावरच झाला असणार. वहीत लिहून ठेवतो. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा उन्हाळ्यातच भरला होता, तेवढं समाधान.

आठ वाजता चार्ज. रात्रपाळीचे भाऊ डोळे चोळत लॉगबुक पुढे सरकवतात. प्रत्येक ओळीत वेळ, कोणाकडून, कोणाला, काय, कोणी घेतलं. खाडाखोड चालत नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची आणि बाजूला सही करायची, म्हणजे चूकसुद्धा वाचता आली पाहिजे. स्टेशन डायरी ठाणे अंमलदाराची, हे पुस्तक आमचं. कधी चौकशी लागली की दोन्ही शेजारी ठेवून मिनिटं जुळवतात.

मग तपासणी.

“आष्टी, आष्टी, चामोर्शी कॉलिंग. आवाज कसा?”

“क्लिअर आहे जी. इकडे लय पाणी आहे.”

“घोट?”

“आवाज कटून रायला जी. पण समजते.”

“रेगडी?” एक खरखर. पुन्हा. तिसऱ्या हाकेला खोल विहिरीतून आल्यासारखं, “रेगडी हजर.”

व्हीएचएफची लाट सरळ जाते, वळत नाही. मध्ये डोंगर आला की अडकते, म्हणून उंचावर रिपीटर बसवतात. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर तेच बोलून दाखवतो. पण रिपीटरपर्यंत पोचायला हवं ना. मे महिन्यात सागाची पानं गळालेली असतात, तेव्हा हातातला पाच वॅटचा सेट जिथून खणखणीत बोलतो, तिथूनच ऑगस्टात नुसती खरखर येते. ओलं, गच्च पानांचं रान आवाज खातं. रेगडीला दिना धरणाचं पाणी पाहायला लोक हौसेनं जातात. मला रेगडी म्हटलं की ही तिसरी हाक आठवते.

नऊ. पावसाचे आकडे. तहसीलवाल्यांना हवे असतात, कंट्रोलला हवे असतात, सगळ्यांना एकाच वेळी हवे असतात. एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला की ती अतिवृष्टी, आणि मग बांधीतल्या धानाचे पंचनामे, नुकसानभरपाई, सगळं त्या एका आकड्याला टांगलेलं असतं. त्यामुळे आकडे आम्ही कधीच एकत्र बोलत नाही. खरखरीत एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत फरक कळत नाही. पंधरा आणि पन्नास तर चांगल्या आवाजातही फसवतात. म्हणून फाइव्ह नाइन, सिक्स नाइन, वन फाइव्ह, फाइव्ह झिरो. समोरच्याने तोच आकडा उलट वाचून दाखवल्याशिवाय मेसेज गेला असं धरायचं नाही. इंग्रजी आकड्यांवरून मागे एका पाहुण्या साहित्यिकाने आम्हाला टोमणा मारला होता. त्यांना म्हटलं, तुम्ही एक दिवस पावसाळ्यात या, मायबोलीचे सगळे आकडे तुम्हाला हेडफोनवर ऐकवतो.

साडेदहाच्या सुमारास एकशे बाराच्या गाडीवरचा पोरगा चहा घेऊन येतो. त्याच्या गाडीत टॅब आहे, त्यावर कॉल पडतो, नकाशा उघडतो. पोरगा हुशार आहे. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून विचारतो, “दादा, सगळ्यांचे ग्रुप आहेत व्हॉट्सॲपवर. फोटोसकट येते. मग तुमचं हे कायले पाह्यजे?”

हा प्रश्न मला साहेबांनी विचारला आहे, सासऱ्यांनी विचारला आहे. दरवेळी मी नेटवर्क नसलेल्या गावांची नावं सांगतो. एके काळी जिल्ह्यात मोबाइलचे मनोरे जाळले जायचे, हेही सांगतो. मागच्या दोन-तीन वर्षांत वांगेतुरी, गर्देवाडा, पेनगुंडा, कवंडे अशा आतल्या ठिकाणी पोलीस मदत केंद्रं उभी राहिली, तिथे पहिल्याच दिवशी वायरलेसचा मास्ट लागतो, हेही. पण खरं उत्तर ते नाही, आणि ते बोलून पटवता येत नाही. आता तर मनोरे आतपर्यंत चालले आहेत. ऑक्टोबर २०२५मध्ये माओवाद्यांचा नेता भूपती साठ जणांसह गडचिरोलीत शरण आला. पोरगा म्हणतो ते दिवस येतीलही, की नेटवर्क नसलेला शॅडो एरिया म्हणजे काय हे कोणाला सांगावं लागेल. तेव्हाही हा डबा लागेल असं मला वाटतं. का, ते आज दुपारी त्याला आपोआप कळलं.

अकरा वीस. लाइन गेली. पंखा थांबला, सेटचा हिरवा दिवा तसाच. बॅटरीने भार घेतला.

अकरा चाळीस. कंट्रोलचा मेसेज, सर्व स्टेशनसाठी. गोसीखुर्दमधून विसर्ग वाढवला आहे, वैनगंगेकाठच्या गावांना सावध करा, नदीपात्रात कोणी जाऊ नये. ३३ दरवाज्यांचं ते धरण तिकडे भंडारा जिल्ह्यात पवनीला, पण त्याचं पाणी चिचडोह बॅरेजवरून आमच्याच दारातून जातं, पुढे आष्टीच्या पुलाखालून प्राणहितेला. मेसेज लिहून घेतला, वाचून दाखवला. माझ्यामागून आष्टी, घोट, रेगडी एकेक करून म्हणाले, “नोट.” सगळं मिळून दोन मिनिटं. कंट्रोल फोन लावत बसलं असतं तर चार जणांना चार वेळा सांगावं लागलं असतं, आणि चौथ्यापर्यंत त्याचं पाचवंच काही झालं असतं.

बारा दहा. बीटवरचा हवालदार ओल्या रेनकोटमधून पाणी गाळत आत आला. गडचिरोली रस्त्यावर नाल्याचं पाणी पुलावरून वाहू लागलंय, दोन्ही बाजूंनी गाड्या थांबवल्या. त्याचा मोबाइल दाखवतो, नेटवर्कच्या जागी फुली. लाइन गेल्यावर टॉवरची बॅटरी काही काळ तग धरते, मग तीही मान टाकते. मी कंट्रोलला कळवलं: चामोर्शी-गडचिरोली मार्ग बंद, वेळ बारा शून्य पाच, बंदोबस्त लावला आहे. मेसेज कंट्रोलसाठी होता. रेगडीला मी हाकही मारली नव्हती.

कंट्रोलचं ‘रॉजर’ येण्याआधीच खरखरीतून आवाज आला, “चामोर्शी, रेगडी. चामोर्शी, रेगडी.”

“बोला रेगडी.”

“तुमचा मेसेज ऐकला जी. इथून आताच बाळंतिणीची गाडी निघाली. गडचिरोलीले नेऊन रायले. त्यांचा फोन लागत नाही.”

आणि त्याच क्षणी आष्टीवाल्याने पुलाचं पाणी सांगायला बटण दाबलं, घोटवाल्यानेही दाबलं. दोघांनी एकदम बोलायला घेतलं की कानात शिट्टी वाजते आणि दोघांचंही काही कळत नाही. नोकरीत आवाज चढवायची माझी वेळ क्वचित येते. तेव्हा चढवला. “चॅनल मोकळा ठेवा! आष्टी स्टँडबाय. घोट, घोट, चामोर्शी.”

“घोट.”

“रेगडीचं ऐकलं?”

“ऐकलं जी. माणूस रोडवर पाठवला. गाडी थांबवतो.”

मी त्याला काही सांगायच्या आधीच त्याचा माणूस दारातून बाहेर पडला होता. मी फक्त एवढं जोडलं की गडचिरोली नाही, चामोर्शीच्या ग्रामीण रुग्णालयात आणा, इथपर्यंतचा रस्ता चालू आहे. पोरगा चहाचा कप हातात धरून उभाच होता. त्याला म्हटलं, गाडी काढ, रुग्णालयात जाऊन सांग, घोटकडून बाळंतीण येते आहे, तयारी ठेवा. तो गेला. मग आष्टीला मोकळं केलं. तो बिचारा तीन मिनिटं बटणावर बोट धरून थांबला होता. पुलाला पाणी लागायला अजून अवकाश होता, पण चढतं होतं.

लॉगबुकात या सगळ्याच्या सात ओळी झाल्या. फोनवर हेच झालं असतं तर रस्ता बंद झाल्याची बातमी कंट्रोलच्या कानात गेली असती आणि तिथेच राहिली असती. रेगडीला ती कोणी सांगितली असती? सांगायचं कोणाला सुचलं असतं? वायरलेसवर कोणाला काय उपयोगी पडेल हे बोलणाऱ्याला माहीत असावं लागत नाही. ज्याला लागेल तो उचलतो. ग्रुपवर टाकलं तर पोचतं, मान्य. पण कोणी कधी वाचलं, वाचलं की नुसता अंगठा दाखवला, हे त्या क्षणी कळत नाही. इथे माणूस ‘नोट’ म्हणतो, स्वतःच्या आवाजात, आणि बाकीचे सगळे ते ऐकतात.

अडीच. डबा. भात, वास्त्याची म्हणजे बांबूच्या कोंबांची भाजी, जवसाची चटणी. जेवताना एक कान सेटकडे असतो, ती सवय घरीही जात नाही. बायको म्हणते, तुमच्याशी बोलायचं तर शेवटी ‘ओव्हर’ म्हणावं लागते.

या निवांत तासाला मला आमचे वस्ताद आठवतात. ते लष्कराच्या कोअर ऑफ सिग्नल्समधून निवृत्त होऊन पोलिसात आले होते. जबलपूरला तयार झालेले. १५ फेब्रुवारी १९११ ही त्यांच्या कोअरची स्थापना, ती तारीख ते वाढदिवसासारखी पाळायचे. ‘तीव्र चौकस’ हे ब्रीद त्यांच्या तोंडी आणि छडी त्यांच्या हाती. त्यांनी मोर्स शिकवला, जो मला आता कुठेच लागत नाही, आणि एक गोष्ट सांगितली जी दर पावसाळ्यात लागते. ती एका जर्मन सिग्नल अधिकाऱ्याची.

एरिख फेलगीबेल. १९०५ साली तारायंत्र बटालियनमध्ये कॅडेट म्हणून लागला. पहिलं महायुद्ध पाहिलं. पायरी-पायरीने चढत १९३८मध्ये जर्मन सैन्याच्या दळणवळणाचा प्रमुख झाला, १९४० साली जनरल. एनिग्मा या सांकेतिक यंत्रांवरून जाणारे हजारो संदेश त्याच्या खात्याचे. आयुष्य गेलं ते संदेश पोचवण्यात. आणि हिटलरला मारायचा कट शिजला तेव्हा त्याच्याकडे आलेलं काम नेमकं उलटं होतं: पूर्व प्रशियातल्या रास्टेनबुर्गजवळच्या हिटलरच्या मुख्यालयातून एकही संदेश बाहेर जाऊ द्यायचा नाही. २० जुलै १९४४ला दुपारी पावणेएकच्या सुमारास बॉम्ब फुटला. थोड्या वेळाने फेलगीबेलने स्वतःच्या डोळ्यांनी हिटलरला चालताना पाहिलं. त्याने बर्लिनला कळवलं की हिटलर जिवंत आहे, आणि तरीही लाइनी रोखायचं काम जमेल तेवढं करत राहिला. पण एवढं मोठं जाळं एका माणसाला पुरतं बंद करता येत नाही. संध्याकाळी बर्लिनमध्ये प्रचारमंत्री गोबेल्सकडचा फोन चालू होता. त्यावर हिटलर स्वतः मेजर रेमरशी बोलला आणि रेमरची पहारा बटालियन कटवाल्यांवर उलटली. फेलगीबेलला ४ सप्टेंबरला फाशी दिली.

वस्ताद ही गोष्ट सांगून छडी टेबलावर आपटायचे: एक लाइन राहिली! तोडायची असो की जोडायची असो, एक लाइन राहिली तर सगळं फुकट. मला मात्र त्यात नेहमी दुसरंच दिसतं. तो फोन एका माणसाच्या कानात होता. बर्लिनमधले बाकीचे अधिकारी त्या वेळी कोणाचं खरं, कोणाचं खोटं, याच घोळात बसले होते. त्या बाजूने असो की या बाजूने, सगळ्यांना एकदम खरं कळलं असतं तर ती संध्याकाळ वेगळी गेली असती. वस्तादांना हे सांगायची माझी कधी छाती झाली नाही.

चार. पार्टीची ठरलेली वेळ. गडचिरोली पोलिसांच्या सी-६० या नक्षलविरोधी दलाची तुकडी रानात असली की तिला आमच्या भाषेत पार्टी म्हणतात. १९९०मध्ये हे दल उभं राहिलं तेव्हापासून तोच शब्द आहे. रानातला माणूस ठरल्या वेळी दोन शब्द बोलतो आणि पुन्हा गप्प होतो. त्याच्यासाठी गप्प राहणं हाच बंदोबस्त. आमच्यासाठी त्या मिनिटाला जगात दुसरं काही नसतं. वेळ टळून पाच मिनिटं झाली की मी आकाशाला, पानांना, बॅटरीला दोष देतो. दहा झाली की साहेबांना कळवतो. त्याच्या पुढचं कळवायची वेळ येऊ नये.

११ मे २०१४. आमच्याच तालुक्यात, पावीमुरांडा-मुरमुरीच्या जंगलात भूसुरुंगाच्या स्फोटात सी-६०चे सात जवान गेले. अशा वेळी पहिली बातमी वायरलेसवरच येते आणि ती घेणाऱ्याला रडायची सवड नसते. नावं लिहून घ्यायची, प्रत्येक नाव उलट वाचून दाखवायचं, बक्कल नंबर एकेक आकडा करून पुन्हा विचारायचा, कारण चुकीच्या घरी निरोप जाता कामा नये. शेजारच्या खोलीत त्याच नावाच्या माणसाचा मित्र चहा पीत बसलेला असतो आणि साहेब सांगेपर्यंत त्याला काही बोलायचं नसतं. या नोकरीत पगार त्याचा मिळतो, असं मला वाटतं. बाकी माईक दाबायला काय, कोणीही दाबेल.

आज चार वाजून दोन मिनिटांनी पार्टी बोलली. ठीक आहे.

पाच ते सात, किरकोळ. लाइन आली, गेली, पुन्हा आली. एक हरवलेली म्हैस, जिच्याबद्दल वायरलेसवर बोलू नये असं चार वेळा सांगूनही कोणीतरी बोललंच. कोनसरीकडे जाणारे ट्रक रस्ता बंद झाल्यामुळे उभे, त्यांची रांग वाढत होती, तो एक मेसेज. एकशे बाराचा पोरगा परत आला आणि यावेळी खुर्ची ओढून बसला. बाळंतीण सुखरूप, मुलगी झाली, म्हणाला. ही नोंद लॉगबुकात बसत नाही, तिला रकाना नाही. मी घोटला आणि रेगडीला सांगितलं, तेही नियमात बसत नाही. रेगडीवाला म्हणाला, “हव का? बरं झालं जी,” आणि खरखर.

या रेगडीवाल्याला मी प्रत्यक्ष एकदाच भेटलो आहे, मार्कंड्याला, महाशिवरात्रीच्या जत्रेत. वैनगंगा तिथे उत्तरेला वळते, जुन्या देवळांभोवती लोक लोटतात आणि आम्ही मंडपात तात्पुरतं स्टेशन लावतो. दिवसभर हरवलेली पोरं आणि चेंगराचेंगरीची धास्ती. एक बुटका माणूस येऊन उभा राहिला, मी ओळखलं नाही. त्याने “हजर” म्हटलं आणि ओळखलं. आवाजावरून मला तो सहा फुटी वाटला होता.

सात. पोरग्याला सेट दाखवला. माईक तोंडापासून चार बोटं लांब, बटण दाबल्यावर क्षणभर थांबून मग बोलायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. नवीन लोकांचा सगळ्यात महत्त्वाचा शब्द नेहमी पहिलाच असतो आणि तोच कापला जातो. त्याने आष्टीला हाक मारून पाण्याचं विचारलं. आकडा आला, त्याने मान डोलावली. म्हटलं, मान आष्टीला दिसत नाही, वाचून दाखव. त्याने वाचला, एकत्र. आष्टीवाल्याने त्याला सरळ सांगितलं, “असा नाही जी. एकेक बोला.” मला बोलावंच लागलं नाही.

आठ. रात्रपाळीचे भाऊ आले, कपडे अर्धे वाळलेले. चार्ज दिला. बॅटरी ११८०वर, चार्जर लावला आहे, लाइन टिकली तर सकाळपर्यंत भरेल. अँटेनाच्या कनेक्टरची टेप सुटली आहे, मागणी लिहून ठेवली, ऊन पडल्याशिवाय कोणी वर चढायचं नाही. गडचिरोली रस्ता अजून बंद. पार्टीची पुढची वेळ पाकिटात. आष्टीच्या पुलाचं दर तासाला विचारायचं.

“आष्टीवाल्याचा आवाज बसला आहे,” मी म्हटलं, “दोनदा वाचून घेजा.”

“घेतो ना बापा,” भाऊ म्हणाले, लॉगबुकात वेळ टाकली आणि आष्टीला हाक मारली.